माझी मान आणि रुखमाबाईचा मोहा

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी साप नाही. मी एक जुनी मानमोडी आहे, सात हिवाळे पाहिलेली, आणि आम्हा पक्ष्यांमध्ये एवढ्या वयाला म्हातारपणच म्हणतात. साप नसल्याचे मुद्दाम सांगायची वेळ माझ्यावर का आली, तीच माझी कहाणी आहे. सांगताना लाज वाटते. पण वेळेवर न बोलल्याने काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म इथला नाही. हिमालयाच्याही पलीकडे, खूप उत्तरेला, पांढऱ्या सालीच्या भूर्जाच्या रानात मी अंड्यातून बाहेर आले. आमचे घराणे सुतार पक्ष्यांचे. खोडावर टकटक करून भोके पाडणारा, लाल तुरा मिरवणारा सुतार तुम्ही पाहिला असेल. मला ना तो तुरा, ना ती पटाशीसारखी चोच. माझी चोच आखूड, आणि शेपूट इतकी मऊ की खोडाला टेकवून उभे राहायचे म्हटले तर आधार मिळत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तशातली गत. म्हणून जन्मभर मी दुसऱ्यांनी कोरलेल्या ढोलीत राहिले. उत्तरेकडे अंडी घालायच्या दिवसांत तर एकदोनदा दुसऱ्याची अंडी बाहेर ढकलून घर बळकावले. चांगले केले असे म्हणत नाही, पण केले हे खरे.

दिसायला मी चिमणीहून जराशी मोठी. अंगावर करडा, तपकिरी, बदामी असे सगळे मळके रंग एकमेकांत मिसळलेले. डोक्यापासून पाठीवर उतरणारा एक काळपट पट्टा, डोळ्यातून जाणारी काळी रेघ, पिवळसर गळ्यावर बारीक आडव्या रेषा. एकंदरीत, वाळल्या झाडाच्या सालीचा तुकडा उचलून त्याला पंख लावावेत, तशी मी. माझे खाणे मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी. त्यासाठी मला लांब, चिकट जीभ मिळाली आहे. जमिनीवर टुणटुण उड्या मारत मी वारूळ शोधते, बिळात जीभ घालते आणि मुंग्या ओढून घेते.

देवाने मला दोन विद्या दिल्या. एक, हलायचे नाही. सालीला चिकटून गप्प बसले की समोर उभ्या माणसालाही मी दिसत नाही. दुसरी विद्या मानेची. ढोलीत कोणी हात घातला आणि पळायला वाट उरली नाही, की मी मान लांब करते, डोक्यावरची पिसे उभी करते, डोळे अर्धवट मिटते आणि मान अशी हळूहळू पिळत फिरवते की बघणाऱ्याला वाटावे, आत सापच वळवळतो आहे. वर जीभ बाहेर काढून फुत्कारते. या मानेमुळेच मला मानमोडी म्हणतात. या दोन विद्यांचा मला फार गर्व होता. आता नाही.

थंडी पडू लागली की उत्तरेत मुंग्या जमिनीखाली जातात आणि आम्हाला दक्षिणेची वाट धरावी लागते. बरोबर कोणी नसते. प्रत्येकीने आपापली वाट आपणच शोधायची. असे करत करत चौथ्या हिवाळ्यात मी चंद्रपूरच्या रानात आले. मोहर्लीच्या अलीकडे, जंगल संपून जिथे धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरे सुरू होतात, तिथे शेताच्या बांधावर, इथल्या बोलीत धुऱ्यावर, मला एक म्हातारा मोहा दिसला. त्याची एक फांदी कधीतरी वादळात मोडली होती. त्या जखमेला सोनपाठी सुताराने कोरून कोरून चांगली खोल ढोली केली होती आणि मग ती सोडून तो निघून गेला होता. ढोली माणसाच्या डोक्याहून हातभर उंच. आत मऊ, कोरडा भुसा. झाडाच्या बुंध्याशी काळ्या मुंग्यांची रांग. मला आणखी काय हवे होते? त्या दिवसापासून तो मोहा माझे हिवाळ्याचे घर झाला.

मोहा होता रुखमाबाईचा. इकडे मोहाची झाडे घराघरांत वाटलेली असतात, धुरा कोणाचाही असो. रुखमाबाई नवी सून म्हणून आली त्या वर्षी तिच्या सासूने तिला त्या झाडाखाली नेऊन उभे केले होते आणि सांगितले होते, हा आजपासून तुझा. तेव्हापासून दरवर्षी फाल्गुनात फुले पडायच्या आधी ती झाडाखालची जागा साफ करायची. मोह वेचायचा म्हणजे खाली पालापाचोळा नको. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळी फुले पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून इथली माणसे पाला जाळतात. रुखमाबाईची रीत मात्र वेगळी होती. ती आधी झाडूने सगळा पाला खोडापासून दूर ओढायची, चांगली दोन हात जागा मोकळी करायची आणि मग बाहेरच्या बाजूने काडी लावायची. शेजारणी हसायच्या. ती म्हणायची, "खोडाले आंच नाई लागली पायजे. म्हातारं झाड हाय."

त्या आगीने माझ्या मुंग्या दोनचार दिवस खोल जायच्या. माझे जरा हाल व्हायचे, पण मी कुरकुर केली नाही. तिची वेळ सकाळची, मी ढोलीत शिरायची संध्याकाळी. एका घरात राहणाऱ्या पण कधी समोरासमोर न आलेल्या दोघी होतो आम्ही. जेवणाचा डबा आणि काडीपेटी ती माझ्याच ढोलीत ठेवायची, कारण खाली ठेवले तर कुत्री ओढून नेत. संध्याकाळी मी आत शिरले की भुशाला चटणी-भाकरीचा वास यायचा.

मला ओळखणारा माणूस एकच, नूरुद्दीन. चंद्रपुरात त्याचा फोटो स्टुडिओ होता. आठवडाभर लग्नांचे फोटो काढायचे आणि रविवारी मोटरसायकल घेऊन रानात यायचे, हा त्याचा छंद. पहिल्या वर्षी त्याने मला वारुळाजवळ पाहिले तेव्हा तो धुऱ्यावर पालथा पडून राहिला, दोन तास. रुखमाबाई पाण्याचा लोटा घेऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"काही हरपलं का भाऊ?"

"नाई बाई. चिमण्यायचे फोटो काढून राह्यलो."

"चिमण्या तं चंद्रपुरात बी असतीन."

"तिथल्या गेल्या उडून," तो हसून म्हणाला आणि पाणी प्यायला.

खोटे बोलला तो, पण वाईट हेतूने नव्हे. त्याला भीती होती की मानमोडीचा पत्ता एकाला कळला की दहा जणांना कळेल. मग गाड्या येतील, कॅमेरे येतील, मोबाइलवर आमचा आवाज वाजवून आम्हाला हैराण करतील, रुखमाबाईच्या बांध्या तुडवतील. म्हणून तीन हिवाळे तो आला, पाणी प्यायला, चहाही प्यायला, आणि दरवेळी चिमण्यांचेच नाव सांगून गेला. एकदा त्याने छोटा कॅमेरा काठीला बांधून ढोलीच्या तोंडाशी धरला. मी सवयीप्रमाणे मान फिरवली. तो खूश होऊन गेला, आणि मीही मनातल्या मनात फुगले.

आता ती फाल्गुनातली सकाळ सांगते. मोह्याला कळ्यांचे घोस लागले होते. मी खाली वारुळाशी असताना शिक्रा हा शिकारी पक्षी माझ्यावर झेपावला. त्याच्या पंजातून मी वीतभर अंतराने सुटले आणि भर दिवसा ढोलीत शिरले. तेवढ्यात धुऱ्यावर रुखमाबाई आली, आणि तिच्यामागे तिची सून दिव्यानी. दिव्यानी राजुऱ्याकडची. कोळशाच्या खाणीशेजारी वाढलेली. तिचा हा मोहाचा पहिलाच हंगाम. रुखमाबाईने हातातला झाडू टेकवला.

"डबा ठेव ढोलीत. त्या गोट्यावर चढ, पुरते हात."

दिव्यानी दगडावर चढली. ढोलीचे तोंड तिच्या हाताने झाकले आणि आत अंधार झाला. मला वाटले, शिक्राच आला. मी विचार केला नाही. मान लांब केली, पिसे उभी केली, पिळत पिळत वर आणली आणि जीव तोडून फुत्कारले. जन्मात कधी इतका हुबेहूब साप मी केला नव्हता.

"आई, साप हाय," एवढेच ती म्हणाली आणि दगडावरून मागच्या मागे कोसळली. हात अंगाखाली सापडला. सालीने मनगटावर ओरखडा उठला होता, त्यातून रक्त येत होते. रुखमाबाईने ते रक्त पाहिले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. पदर फाडून तिने सुनेचा दंड बांधला आणि पोराला, रोशनला, फोन लावला. रोशन मोहर्लीला जंगलाच्या गेटवर पर्यटकांची जिप्सी चालवतो. तो दहा मिनिटांत आला.

त्या गडबडीत मी ढोलीतून निघून वरच्या फांदीवर बसले होते. सगळ्यांचे डोळे दिव्यानीकडे होते. मग रोशनने ढोलीकडे पाहिले, फांद्यांकडे पाहिले. रुखमाबाईनेही मान वर करून माझ्याकडे सरळ पाहिले. मी पहिली विद्या वापरली. सालीला चिकटले, श्वास धरला, डोळेही हलवले नाहीत. त्यांना कोणीच दिसले नाही. मित्रांनो, तेव्हा मी नुसते पंख फडफडवले असते, एकदा या फांदीवरून त्या फांदीवर उडाले असते, तरी ही कहाणी इथेच संपली असती.

दिव्यानीला साप चावलेला नाही, मनगटाचे हाड मात्र मोडले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखालच्या बोलण्यातून कळले. रुखमाबाई ढोलीकडे टक लावून उभी होती.

"सर्पमित्राले सांगतो," रोशन म्हणाला. "आज त्याचं भद्रावतीले काम हाय. उद्या येईन."

"उद्यापावतर कोनाले डसला म्हंजे? आठ दिवसांत फुलं पडतीन. बाया अंधारात वाकून वेचतेत. दिव्यानीचं हातावर निभावलं, सगळ्यायचं नाई निभावनार."

"मारनार हायस का त्याले?"

"मारत नाई रे. धूर देतो. जाईन तो आपल्या वाटेनं."

तिने ढोलीसमोर हात जोडले. "देवा, तुयावर राग नाई माहा. तू नाल्याकडं जाय, तिकडं बेंडकं लई हायत." मग तिने कडुलिंबाचा ओला पाला आणि थोडी वाळली पाने यांची मोळी केली, काठीला बांधली, पेटवून विझवली, आणि धूर निघू लागल्यावर ढोलीच्या तोंडात धरली.

पंचवीस वर्षे जिने आग खोडापासून दोन हात लांब ठेवली, तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताने ती झाडाच्या पोटात नेली. आणि ढोली रिकामी होती. मी समोरच्या पळसावर बसून पाहत होते. ओरडून सांगावे तर हिवाळ्यात आम्ही मुक्याच असतो.

मोळीतले एक जळते पान आत पडले असावे. कोरडा भुसा पेटायला वेळ लागत नाही. जाड, पिवळा धूर येऊ लागला तशी रोशन धावला आणि नाल्यावरून बादल्या आणून त्याने ढोलीत ओतल्या. धूर थांबला. दुपारी ती दोघे घरी गेली. पण म्हाताऱ्या मोह्याचे पोट वरपर्यंत पोकळ होते, आणि विस्तव खाली विझला तरी वर चढत गेला. दुसऱ्या दिवशी मोडक्या फांदीच्या टोकातून बारीक धुराची रेघ निघाली. रोशनने शिडी लावली, पुन्हा पाणी ओतले. तिसऱ्या दिवशी उजाडताना मोठा आवाज झाला. मोहा धुऱ्यावर आडवा झाला, कळ्यांच्या घोसांसकट.

रुखमाबाई आली तेव्हा खोडाच्या आतून अजून वाफ निघत होती. ती रडली नाही. पडलेल्या फांदीशी बसून तिने एक घोस हातात घेतला. गळ्यात हात बांधलेली दिव्यानी शेजारी उभी होती.

"सासूनं देल्ला होता," रुखमाबाई शेवटी म्हणाली. "म्या तुले देनार होती."

दिव्यानी खाली बघत होती. "म्या तिथी हात नसता घातला, तं..."

"म्याच सांगतलं तुले घालाले."

त्या रविवारी नूरुद्दीन आला. मोहा आडवा पडलेला पाहून त्याने मोटरसायकल रस्त्यावरच टाकली आणि बांध्यांतून धावत आला. रुखमाबाईने त्याला सगळे सांगितले. सापाचे नाव निघताच त्याचा चेहरा उतरला.

"कोन्या ढोलीत हात घातला होता, बाई?"

"या मोह्याले ढोली एकच होती, नूरभाऊ."

मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि गेल्या वर्षीचा तो छोटा व्हिडिओ त्या दोघींना दाखवला. मी वरून पाहत होते. एवढ्याशा काचेत माझी मान वळवळत होती, पिसे उभी राहत होती, जीभ आतबाहेर होत होती. मग शेवटी मी ढोलीच्या तोंडाशी येऊन उडून जाते, तेही दिसले. दिव्यानी आधी हसली. मग तिने चांगला हात तोंडावर धरला.

"हे पाखरू होय?" रुखमाबाई म्हणाली.

"हो बाई. दर हिवाळ्यात येते. लांबून येते. त्याच ढोलीत ऱ्हाते."

"तुमाले मालूम होतं?"

"तीन साल झाले."

"मंग मले काऊन नाई सांगतलं, भाऊ? तीन साल माह्या हातचं पानी पेले तुमी."

"मले वाटलं, लोकं येतीन. तुमच्या बांध्या तुडवतीन, पाखराले त्रास देतीन. म्या त्याले जपाले गेलो, बाई." नूरुद्दीनने मोबाइल खिशात ठेवला. "म्या चुकलो."

"सांगतलं असतं तं म्या बी जपलं असतं," रुखमाबाई म्हणाली. "कोनाले सांगू नको म्हटलं असतं, तं नसतं सांगतलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ते ऐकणे जास्त जड गेले, त्याला आणि मलाही.

मित्रांनो, मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या झाडाचे वाईट व्हावे असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हते. रुखमाबाईला बायकांची काळजी होती. नूरुद्दीनला माझी होती. मला माझ्या जिवाची होती. प्रत्येकाने आपापल्या परीने जपले आणि ज्याच्या आधाराने आम्ही सगळे होतो तो मोहा गेला. चैत्र लागायच्या आत मी उत्तरेला निघाले. डोंगर ओलांडताना, परक्या पाण्यावर उतरताना, तिकडे भूर्जाच्या रानात पिलांना भरवतानाही कळ्यांचे ते घोस डोळ्यांसमोरून हलत नव्हते. माझी पिले मान पिळायला शिकली तेव्हा पूर्वीसारखे कौतुक वाटले नाही.

पुढच्या थंडीत परत यावे की नाही, ठरत नव्हते. पण आम्हा पक्ष्यांच्या पंखांना जुनी वाटच ठाऊक असते. मी आले. मोह्याच्या जागी काळपट बुंधा होता. पडलेले खोड रुखमाबाईने विकले नव्हते, धुऱ्यालगत तसेच ठेवले होते. त्याला वाळवी लागली होती, आत मुंग्यांनी घरे केली होती, आणि मला पोटभर खायला मिळाले. ज्याचा जीव मी घालवला, तो मेल्यावरही मला खाऊ घालत होता. राहायला मी पलीकडच्या बांधावर गेले, रुखमाबाईच्या दिराच्या मोह्यात. त्यालाही एक ढोली होती.

पुन्हा फाल्गुन आला. त्या सकाळी आभाळ भरून आले होते, गारवा होता, आणि मी उशिरापर्यंत ढोलीतच बसून होते. खाली पावले वाजली. दिराच्या सुनेला लेकरू झाले होते, म्हणून तिच्या वतीने जागा साफ करायला रुखमाबाई आणि दिव्यानी आल्या होत्या. दिव्यानीच्या हातात डबा होता. माझ्या मानेत ती जुनी वळवळ सुरू झाली, पिसे उभी राहू लागली.

पण हात आला नाही. खोडावर टकटक झाली. तीनदा, थांबून थांबून, बोटांच्या पेरांनी. मग सगळे शांत.

"काय करून राह्यली आई?" दिव्यानीने विचारले.

"पुसून राह्यली. कोनी असन तं निघू दे."

सुताराच्या घराण्यात जन्मून मला जी टकटक कधी जमली नाही, ती एक बाई माझ्यासाठी करत होती. मी पिसे मिटली. ढोलीच्या तोंडाशी आले आणि बाहेर उडून समोरच्या उघड्या फांदीवर बसले, सालीला न चिकटता, जिथे कोणालाही दिसेन अशी. भीती वाटत होती. शिक्रा कुठेही असू शकतो. तरी बसले.

"हे पाह्य," रुखमाबाई हळू म्हणाली. "हेच ते."

दिव्यानीने मला निरखून पाहिले. तिचे मनगट अजून जरा वाकडे होते. "एवढुसं?"

"हो. एवढुसंच."

आता गावातल्या बहुतेक बाया ढोलीत हात घालण्याआधी, धूर करण्याआधी खोड वाजवतात आणि थांबतात. नूरुद्दीनने गावाच्या शाळेत येऊन मुलांना माझा तो व्हिडिओ दाखवला. तुम्हालाही माझे एवढेच सांगणे आहे. कोणाच्या दारात हात घालण्याआधी विचारा, आणि मग उत्तर येईपर्यंत जरा दम धरा. ज्याची काळजी वाटते त्याच्याबद्दल आपल्या माणसांशी बोला. गुपित ठेवून जपलेली वस्तू दुसऱ्याच्या हातून चुकून मोडते.

पण शहाणपण आले तरी मोहा परत आला नाही. त्या सकाळी झाडून झाल्यावर रुखमाबाई आपल्या जुन्या बुंध्यावर जाऊन बसली. सावली नव्हतीच. पदराने तिने उगाच त्याच्यावरची राख झटकली, वर्षापूर्वीच वाऱ्याने उडून गेलेली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. मला तिची क्षमा मागायची होती, पण मला येते ती एकच भाषा, मानेची, आणि त्या भाषेत आजवर मी फक्त भीतीच घातली आहे. म्हणून ती उठून जाईपर्यंत मी मान सरळ ठेवून बसून राहिले.